शांतता चाचणी

जयवंत शेलारांच्या कॉम्प्युटरला कारळेवाडीत सगळे भंगार म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. पिवळट पडलेला पत्र्याचा डबा. चालू करायचा तर आधी त्याच्या कुशीत एक चापट मारावी लागे. मग पंखा घरघरायचा, आतली तबकडी गरगरायला लागायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळायचं, की सरांनी यंत्र सुरू केलं. एके काळी अशी यंत्रं ओळीने मांडून जयवंतने गावात कॉम्प्युटर क्लास चालवला होता. 'सर' ही पदवी तेव्हाची. पुढे फोनच इतके शहाणे झाले, की तोंडाने सांगावं आणि काम व्हावं. मग शिकवणाऱ्याला कोण विचारतो? क्लास बंद पडला, यंत्रं एकेक करून भंगारात गेली, हे एवढं उरलं. पदवीही उरली, पण लोक ती आता हाक मारण्यापुरती वापरत. हा फरक जयवंतला बरोबर कळायचा आणि टोचायचाही.

मग एका पावसाळ्यात गावामागचा डोंगर फाटला. कोसळला नाही, पण माथ्यावर भेग पडली. तेव्हापासून जरा जोराची सर आली, की तालुक्याहून हुकूम यायचा आणि अख्खं गाव गुरंढोरं, गाठोडी घेऊन पलीकडच्या गावच्या शाळेत जाऊन राहायचं. डोंगर जागचा हलायचा नाही, माणसांचे मात्र हाल व्हायचे. शेवटी शेवटी लोक कंटाळले. हुकूम आला तरी निम्मे घरातच बसून राहू लागले, आणि खरी भीती हीच होती. एखाद दिवशी हुकूम खरा ठरला असता.

अशा वेळी पुण्याच्या भूस्पंद केंद्राचा शोध कामी आला. शोध तसा साधाच. जुन्या कॉम्प्युटरमध्ये माहिती साठवायला एक चकचकीत तबकडी असते. ती फिरत असते आणि तिच्यावर, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतर राखून, वाचणारं एक टोक तरंगत असतं. जमीन कणभर हलली, की ते टोक वाटेवरून घसरतं आणि यंत्र त्याला मुकाट्याने परत वाटेवर आणतं. ही सावरासावर दिवसभर चालते आणि कुणाला तिची खबर नसते. केंद्रातल्या लोकांनी तिचीच नोंद घ्यायला सुरुवात केली. खडक आतून तडकू लागला, की कोसळण्याच्या बऱ्याच आधी सुटे, बारीक ठोके देतो. तबकडीला ते कळतात. नव्या कॉम्प्युटरात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ते कितीही चपळ असले तरी या बाबतीत ठार बहिरे. डोंगरपट्ट्यात जागोजागी जुनी यंत्रं ठेवून त्यांचं ऐकणं एकत्र केलं, की डोंगराला लावलेला एक मोठा कान तयार होई. मग उगाच पळायला नको आणि पळायच्या वेळी बसून राहायला नको.

केंद्राच्या डॉक्टर पेंढारकर मॅडम गावोगाव जुना कॉम्प्युटर शोधत फिरत होत्या. कारळेवाडीकरांनी त्यांना थेट जयवंतच्या दारात आणून उभं केलं. मॅडमनी तो पिवळट डबा बघितला, वाकून त्याची घरघर ऐकली आणि म्हणाल्या, "सर, हे तर रत्न आहे." भोवती जमलेल्यांनी जयवंतकडे पाहिलं ते अगदी जुन्या नजरेने. त्या क्षणापासून जयवंतचे पाय जमिनीला लागेनात.

मॅडम पुढच्या खोलीतूनच परत गेल्या. आत माजघरात कॉटवर जयवंतचे वडील पडलेले होते, ते त्यांना दिसले नाहीत. जयवंतनेही सांगितलं नाही. त्या वेळी त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंही नव्हतं.

त्याचे वडील, तात्या, म्हणजे पंचक्रोशीचे दौलत कंडक्टर. आता घाटात बस येते ती ड्रायव्हरविना येते, कंडक्टर तर केव्हाच इतिहासजमा झाले. पण तात्यांनी उभी हयात एसटीत काढली होती. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात तेवढा राहिला आणि त्या हातात काठी. ती ते फरशीवर आपटत, आणि त्यांची भाषा सगळ्या घराला पाठ होती. एक ठोका म्हणजे सिंगल बेल, थांब. पाणी हवंय, कूस बदलायचीय, काही दुखतंय, काहीही असो, एक ठोका पडला की हातातलं टाकून जायचं. दोन ठोके म्हणजे डबल बेल. झालं, चल, सुट. सून वनिता तर तात्यांशी या दोन बेलांवर तास तास गप्पा मारायची. पण मुलीच्या बाळंतपणाला ती नाशिकला गेली होती आणि तात्या आणि कॉम्प्युटर दोघंही जयवंतच्या एकट्याच्या अंगावर पडले होते.

कॉम्प्युटरने आधी रंग दाखवले. केंद्राचं नवं सॉफ्टवेअर चढवायला घेतलं, तर यंत्र म्हणे ही फाईल मला वाचता येत नाही. त्यासाठी आतली मूळ प्रणाली नवी करायला घेतली, तर ती म्हणे तुमची तबकडी जुनी आहे, ती काढून टाका. म्हणजे जिच्यासाठी एवढा खटाटोप, तीच नको. जयवंतने मदतीसाठी केंद्राच्या बोलक्या मदतनिसाला विचारलं. त्याने अतिशय गोड आवाजात नवीन कॉम्प्युटर घेण्याचा सल्ला दिला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेवढ्याच गोडीत तोच सल्ला. मग जागा अपुरी पडली. जयवंतने क्लासच्या काळातले फोटो पुसले, पोरांची प्रमाणपत्रं पुसली. पुसताना जीव तुटला, पण पुसली. पट्टी सरकत सरकत शेवटाला यायची, तिथे विचार करत बसायची आणि मग पडदा निळाशार. गावातलं कुणी ना कुणी रोज डोकावून विचारायचं, "काय सर, बसलं का?" आणि जयवंत म्हणायचा, "बसतंय, बसतंय." चारचौघांत रत्न ठरल्यावर आता बसत नाही म्हणायची सोय नव्हती.

शेवटी पेंढारकर मॅडमनी खास या यंत्रासाठी सॉफ्टवेअरचं कातरून छोटं केलेलं रूप पाठवलं. ते बसलं. जयवंतने मनातल्या मनात देवापुढे नारळ फोडला, आणि तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली: आता शांतता चाचणी.

घरातले नेहमीचे धक्के यंत्राने आधी ओळखायला शिकायचे, असा या चाचणीचा हेतू. धक्का बसला, की ते विचारायचं, हा ओळखीचा आहे का? मिक्सर, समोरची पिठाची गिरणी, सकाळची बस. जयवंत प्रत्येकापुढे 'दुर्लक्ष करा' हे बटण दाबत गेला. यंत्र भराभर शिकलं. गिरणी सुरू झाली तरी पडद्यावरची रेष सरळ राहू लागली.

मग माजघरात काठी आपटली. एक ठोका.

रेष टणकन उडाली. जयवंतने 'दुर्लक्ष करा' दाबलं. यंत्राने ऐकलं नाही. उलट सांगितलं, की असा सुटा ठोका दुर्लक्षित करता येणार नाही, तडकणारा खडक असाच आवाज करतो. ठोक्याचं मूळ शोधून दूर करा आणि चाचणी पहिल्यापासून सुरू करा.

आत तात्यांनी पुन्हा एक ठोका दिला. त्यांना लघवीला भांडं हवं होतं. ते देऊन जयवंत परत येऊन बसला, चाचणी पुन्हा लावली. दुपारपर्यंत ती कितीदा मोडली याची मोजदाद त्याने सोडून दिली. तात्यांना तहान लागत होती, माशी सतावत होती, कधी नुसतंच कुणीतरी जवळ यावं असं वाटत होतं. असे ठोके ते रोजच देत, पण त्या दिवशी जयवंतला वाटलं की म्हातारा मुद्दाम करतोय.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. त्यांना तिकडे ते सुटे ठोके दिसत होते. घरात कुणी आजारी किंवा म्हातारं माणूस आहे का, असं त्यांनी सरळच विचारलं. तसं असेल तर यंत्र दुसरीकडे ठेवावं लागेल, एवढंच त्या म्हणाल्या.

दुसरीकडे. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी, दुसऱ्याच कुणाच्या नावाने. जयवंतच्या तोंडून शब्द गेले तेही सहज गेले, हे त्याला पुढे सगळ्यात जास्त लागलं.

"नाही हो मॅडम, घरात मी एकटाच. एक दार सैल झालंय, ते आपटतंय. उद्या दुरुस्त करतो."

दुसऱ्या दिवशी त्याने दार दुरुस्त केलं. म्हणजे काय केलं, तर मागच्या अंगाला गुरांची जुनी खोली होती, तिची जमीन मातीची, धक्का गिळणारी. ती झाडून, सारवून तात्यांची कॉट तिथे नेली. काठीला खाली जाड रबराचं बूच बसवलं. आणि तात्यांच्या हाताशी फोनवर वाजणारी एक कळ दिली. दाबली की मी आलोच, असं त्यांना समजावलं. अंगठ्याने दाबायची कळ, आणि तात्यांचा अंगठा आधीच बधिर होत चाललेला. सवय होईल, असं जयवंतने ठरवून टाकलं. गावासाठी आहे तात्या, असंही त्याने सांगितलं. गावासाठी होतंच ते. खोटं बोलायचं तर त्यात खऱ्याचं मिसळण घालावं लागतं, नाहीतर आपल्याच घशाखाली उतरत नाही.

"चालेल ना तात्या?" त्याने विचारलं.

तात्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी काठी उचलून मातीवर दोनदा टेकवली. आवाज झालाच नाही, पण हात दोनदा हलला हे जयवंतने पाहिलं. डबल बेल. चल.

चाचणी पार पडली. दिवसभर रेष कशी तळ्यातल्या पाण्यासारखी निवांत. नाशिकहून वनिताचा फोन आला, तिने तात्यांना दाखवा म्हटलं. ते झोपलेत, जयवंत म्हणाला. दुसऱ्या दिवशीही ते झोपलेलेच होते. तिसऱ्या दिवशी वनिता म्हणाली, "अहो, बेलचा आवाज कसा येत नाही मागून? बरे आहेत ना ते?" त्याने फोन नीट लागत नसल्याची तक्रार केली आणि ठेवून दिला. कळ पहिल्या दिवशी दोनदा वाजली होती, त्यानंतर वाजलीच नाही. तात्या आता फार त्रास देत नाहीत, असं त्याने स्वतःला सांगितलं. वेळेवर खाऊ घालत होता, अंग पुसत होता. मधल्या वेळात मागे जाऊन बघायचं मात्र टाळत होता. तात्यांच्या नजरेला नजर द्यायची म्हणजे त्याला ओझं वाटे.

गावाने सत्कार ठरवला. पाऊस उघडला होता, ऊन पडलं होतं, आणि यंत्र बसल्यापासून एकदाही पलीकडच्या शाळेत जावं लागलं नव्हतं. देवळासमोर मांडव घातला. सरपंच रेखाताई कदमांनी मोठा पडदा मागवला. एका बाजूला पुण्याहून पेंढारकर मॅडम दिसत होत्या, दुसऱ्या बाजूला जयवंतच्या घरच्या यंत्राची जिवंत रेष. लोकांना आपला डोंगर कसा शांत आहे ते दिसावं म्हणून. निघण्याआधी जयवंतने तात्यांना जेवू घातलं, कळ त्यांच्या हाताशी असेलच असं धरलं आणि मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

रेखाताईंनी शाल घातली, श्रीफळ दिलं. चार शब्द बोलताना त्या म्हणाल्या, की ज्याला आपण भंगार म्हणत होतो त्यानेच गावाला झोप दिली. टाळ्या पडल्या. म्हातारे बाबू गुरव पुढच्या रांगेत बसले होते, ते डोळे पुसत होते. जयवंतला कितीतरी वर्षांनी छाती भरून श्वास घेता आला. तो माइकसमोर उभा राहिला आणि बोलायला तोंड उघडलं.

रेष उडाली.

एक टोक, आणि पुन्हा सरळ. लोकांनी कौतुकाने पाहिलं. मग पुन्हा एक. मग थोडं थांबून आणखी एक, आधीपेक्षा उंच. पडद्यावर मॅडमचा हसरा चेहरा बदलला. त्यांनी बाजूला कुणाला तरी काही विचारलं आणि इकडे वळून म्हणाल्या, की ठोके फार जवळचे आहेत, अगदी घराखालच्या खडकातले वाटतात. तडकण्याआधी खडक असाच बोलतो. आसपासच्या यंत्रांवर अजून काही दिसत नाही, पण वाट बघत बसणं बरं नव्हे.

मांडवात कुजबुज झाली. बायका उठून पोरांना हाका मारू लागल्या. कुणीतरी गुरं सोडायला धावलं. जयवंत माइक धरून उभा होता. ते ठोके त्याने ओळखले होते. एक. थांबून एक. थांबून एक.

"शेलार सर, घरात कुणी आहे का?" मॅडमनी विचारलं.

आणि तेव्हाही, त्या क्षणीसुद्धा, त्याच्या तोंडून निघालं ते असं: "दार असेल मॅडम."

"दार तुम्ही दुरुस्त केलं होतं ना? मग मला गाव रिकामं करायला सांगावंच लागेल."

रेषेवर पुन्हा एक टोक उमटलं. हे जरा बुटकं होतं, हात थकल्यासारखं. जयवंतने समोर पाहिलं. बाळंतीण पोर काखोटीला मारून उठत होती, आंधळ्या आज्जीला दोघं धरून उठवत होते. तो गप्प राहिला असता, तर सगळं गाव घाटाने पळालं असतं, आणि त्याचा बाप त्या खोलीत तसाच ठोके देत राहिला असता.

"थांबा," तो म्हणाला. गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही, तो पुन्हा म्हणाला. "थांबा. डोंगर नाही तो. माझे वडील आहेत. मला बोलावतायत."

उठलेले लोक जागच्या जागी थांबले. मॅडमना आधी कळलंच नाही. त्या म्हणाल्या, "पण तुम्ही तर एकटेच..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. ते अर्धं वाक्य मोठ्या पडद्यावरून साऱ्या गावाने ऐकलं.

बाबू गुरव रेषेकडे बघत होते. उभा जन्म त्यांनी दौलत कंडक्टरच्या गाडीतून दुधाच्या किटल्या नेल्या होत्या. "सिंगल बेल हाय," ते हळूच म्हणाले. "दौलत थांब म्हणतोय. कवाधरनं म्हणतोय."

खांद्यावरची शाल कुठे पडली ते जयवंतला कळलं नाही. तो धावत सुटला. मागून लोक येत होते.

तात्या कॉटवरून खाली पडले होते. तसेच सरपटत ते उंबऱ्यापर्यंत आले होते. घराचं जोतं एकसंध काळ्या दगडाचं, मागच्या उंबऱ्यापासून थेट पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या टेबलापर्यंत गेलेलं. पाण्याचा पितळी तांब्या डाव्या हातात धरून ते त्या दगडावर हाणत होते. बोटांची सालपटं निघाली होती. कपडे ओले होते. रबरी बूच लावलेली काठी कोपऱ्यात आणि कळ कॉटच्या खाली, धूळ बसलेली. ती कधीपासून तिथे पडली होती देव जाणे.

जयवंत त्यांच्याजवळ मातीत बसला. त्याला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. तात्यांनी तांब्या खाली ठेवला. झालं, आला, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी रागाने बघितलं असतं तर जयवंतला बरं वाटलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला तिथे कळलं.

लोक दाराबाहेर उभे राहिले. रेखाताई तेवढ्या आत आल्या. पदर खोचून त्यांनी तात्यांच्या पायांकडून धरलं, जयवंतने खांद्यांकडून. दोघांनी त्यांना उचलून माजघरात नेलं. कपडे बदलेपर्यंत त्या पाठ करून उभ्या राहिल्या. जाताना दाराशी थांबल्या.

"सर, एक शब्द टाकायचा होता. दूध सोसायटीची खोली बंदच पडलीय की. तिथं ठेवलं असतं यंत्र. त्यात काय होतं?"

त्यात काय होतं ते जयवंतला ठाऊक होतं. त्या खोलीबाहेर कुणी सरांच्या घरचं यंत्र म्हणालं नसतं, एवढंच होतं. त्यापायी त्याने बापाला दार केलं.  रेखाताई उत्तराची वाट न बघता निघून गेल्या.

त्याने तात्यांची बोटं कोमट पाण्याने धुतली, हळद लावली. काठीचं बूच उपटायला गेला तर निघेना, इतकं घट्ट त्यानेच बसवलेलं. शेवटी सुरीने कापून काढलं. काठी त्यांच्या डाव्या हातात दिली. मग वनिताला फोन लावला आणि सगळं सांगितलं, दारासकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी निघते उद्या," आणि फोन ठेवला.

पुढच्या खोलीत कॉम्प्युटर घरघरत होता. तात्या डोळे मिटून पडले होते. काठी हातात असून त्यांनी ती एकदाही आपटली नाही, आणि जी शांतता मिळवायला जयवंतने एवढा आटापिटा केला होता ती आता घरभर पसरली होती. तो त्यांच्या उशाशी बसून होता. एक ठोका पडावा म्हणून कान देऊन.

फोन वाजला. पेंढारकर मॅडमचं नाव होतं. यंत्र हलवायचं होतं, जाब द्यायचा होता. द्यायलाच हवा होता. पुढे जाऊन बोलावं म्हणून जयवंत उठला, उंबऱ्यापर्यंत गेला.

मागे फरशीवर काठी पडली. एक ठोका.

पुढच्या खोलीत रेष उडाली असणार. फोन वाजत राहिला. जयवंत वळला आणि तात्यांजवळ जाऊन बसला.